हातानं लिहिल्यासारखं

"मामा, बोर्ड करायचाय. हातानं लिहिल्यासारखा."

"मग हातानं लिहून घे."

"तसा नको. हातानं लिहिल्यासारखा पाहिजे."

एवढं बोलून भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. सातबारा ऑनलाइन निघतो हे ठाऊक नसलेल्या म्हाताऱ्याकडे तलाठी पाहतो, तसं. मी मराठीचा निवृत्त मास्तर. 'लिहिलेला' आणि 'लिहिल्यासारखा' यांतला फरक पोरांना शिकवण्यात पस्तीस वर्षं घातली. 'सारखा' हे तुलना दाखवणारं शब्दयोगी अव्यय आहे, वाक्यात त्याला स्वतःचं वजन नसतं, असंच मी सांगत आलो. या अव्ययानं आमच्या गावच्या पेंटरची रोजीरोटी नेली, हे तेव्हा माझ्या लक्षात आलेलं नव्हतं.

परळीहून बीडकडे निघालं की सिरसाळा लागतं. सिरसाळा, तेलगाव, वडवणी, बीड. पूर्वी एसटीच्या कपाळावर पत्र्याची पाटी असायची आणि तिच्यावर 'मार्गे' या शब्दाखाली ही गावं बारीक अक्षरात दाटीवाटीनं बसलेली असायची, खिडकीतल्या सीटवर तिघं बसावेत तशी. ती पाटी डेपोतल्या पेंटरच्या हातची. त्या रस्त्यावर भाच्यानं हॉटेल टाकलं. डी.एड. झाला, शिक्षकभरतीची वाट पाहिली, पोलीसभरतीसाठी पहाटे उठून पळाला आणि पळून पळून शेवटी गुळाच्या चहापाशी येऊन थांबला.

गुळाचा चहा हेही एक प्रकरणच आहे. आमच्या लहानपणी गुळाचा चहा म्हणजे घरची अडचण. पाहुणा दारात दिसला की आई मागच्या दारानं वाटी घेऊन शेजारी जायची, साखर आणायला. पाहुण्यालाही कळायचं आणि तो तेवढा वेळ पावसापाण्याचं बोलत बसायचा. आता साखरेच्या चहाला कुणी विचारत नाही आणि गुळाचा चहा चार रुपये जास्त देऊन उभ्यानं प्यायला लोक गाडी थांबवतात. अडचणीला बरे दिवस आले की तिची चव बदलते. तेव्हा त्या चहावर हातानं लिहिल्यासारखा बोर्ड हवा, हे भाच्याचं म्हणणं माझ्यापेक्षा जास्त तर्कशुद्ध होतं. एवढंच की ते मला फार उशिरा पटलं.

आमचा पेंटर म्हणजे फक्त पेंटर. त्याला नाव आहे, ते मतदार यादीत आहे, पण गावात कुणी ते वापरत नाही. किराणा दुकानं, कृषी सेवा केंद्रं, पिठाच्या गिरण्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचं 'आईचा आशीर्वाद', लग्नघराच्या भिंतीवरचा गणपती आणि त्याखाली 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' अशी दोन नावं, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'हागणदारीमुक्त गाव' (ही भिंत बरीच वर्षं एकटीच मुक्त होती), हे सगळं त्याच्या हातचं. निवडणुकीत तर तो एकाच दिवशी गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दोन विरुद्ध पक्षांना प्रचंड मतांनी विजयी करायचा. अक्षर दोन्हीकडे सारखंच सुंदर. गावात खरा निःपक्षपाती माणूस तोच.

त्याची पद्धत बघण्यासारखी. आधी भिंतीवर चुन्याचा हात. मग सुताला निळी लावायची, एक टोक पोराच्या हातात द्यायचं, ताणायचं आणि मधोमध टिचकी मारायची. फाट्कन निळी रेघ उमटायची. अशा दोन रेघा मारल्या की त्यांच्यामध्ये अक्षर. डाव्या हातात काठी, काठीवर उजवं मनगट, मनगटाच्या पुढे चपटा ब्रश. ब्रश तिरका धरायचा. उभी रेघ ओढली की जाड येते, वळण घेतलं की आपोआप बारीक होत जाते. दुकानदार खाली उभा राहून "जरा स्टाईलमधी मारा, पेंटर" म्हणायचा. मग पेंटर शेवटच्या अक्षराचा काना जमिनीपर्यंत ओढून तो पूर्ण नावाखालून फिरवून आणायचा. स्टाईलचे पाच रुपये वेगळे.

त्याची अक्षरं जराशी उजवीकडे कललेली असायची. मला वाटायचं ही त्याची शैली. एकदा विचारलं तर म्हणाला, "शैली नाही, मास्तर, शिडी. सारखी कोण सरकवणार? जेवढा हात पुरतो तेवढं लिहायचं. वाकून लिहिलं की अक्षर बी वाकतं." आणि 'सिरसाळा' लिहिताना त्याचा 'ळा' हमखास चेपलेला यायचा, कारण भिंत संपत आलेली असायची. गावातल्या निम्म्या पाट्यांवर गावाचं नाव असं शेवटी श्वास रोखून उभं आहे.

त्याच्याकडे एक दोनशे पानी वही होती. तिच्यात वर्तमानपत्रांतली नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं डकवलेली. त्यातली कितीतरी अक्षरं कमल शेडग्यांच्या हातची, हे पेंटरला ठाऊक नव्हतं आणि सिरसाळ्यात कोण आपली नक्कल मारतंय हे शेडग्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. शेडगे 2020 साली गेले. नाटकाचं नुसतं नाव असं काढायचे की तिकीट न काढताच नाटक भीतिदायक आहे की विनोदी ते कळावं. आमच्या पेंटरनं मुंबईचं एक नाटक पाहिलेलं नाही, पण त्या नाटकांच्या अक्षरांत त्यानं पिठाच्या गिरण्या रंगवल्या. एका गिरणीचं नाव तर असं थरारक निघालं होतं की संध्याकाळनंतर बायका दळण घेऊन जाईनात.

मग फ्लेक्स आला. फ्लेक्सच्या दुकानाला 'डिजिटल' म्हणतात. पुढे देवाचं, आईचं किंवा मुलीचं नाव लावायचं आणि मागे डिजिटल. भाचा मला अशाच एका डिजिटलमध्ये घेऊन गेला. काचेच्या आत वीस-बावीस वर्षांचा पोरगा बसलेला. कानात एक वायर, तोंडात गुटखा नाही याचं मला बरं वाटलं.

"कोणता ब्रश पाहिजे?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या टेबलावर ब्रश शोधला. होता एक, कीबोर्ड झाडायचा.

ब्रश म्हणजे फॉन्ट. त्याच्याकडे एक फोल्डर होतं आणि त्यात शेकडो फॉन्ट. त्यानं भराभर दाखवले. एकात अक्षर जाड सुरू होऊन बारीक होत शेपटीसारखं संपत होतं. एकात अक्षरभर ओरखडे, रंग संपत आल्यावर ब्रश भिंतीवर घासला तर उमटतात तसे. "हा ड्राय ब्रश. लई चालतो. जिमला, ढाब्याला, वाढदिवसाला." मला पेंटरची आठवण झाली. ब्रश कोरडा पडला आणि असे फटकारे दिसले की दुकानदार मजुरीतून पैसे कापायचा. पेंटर पुन्हा शिडीवर चढून ते भरून काढायचा. त्याच्या उभ्या आयुष्याच्या चुका कुणीतरी गोळा करून त्यांना नाव दिलं होतं आणि त्या आता चौरस फुटाच्या भावानं विकल्या जात होत्या. कललेलं अक्षर होतंच. शिडी नव्हती, हात आखूड पडत नव्हता, तरी अक्षर वाकून लिहिलेलं.

जगात हे खूप आधी सुरू झालंय. 1942 साली अमेरिकेत रॉबर्ट स्मिथ नावाच्या माणसानं ब्रशनं झरझर लिहिल्यासारखा छापखान्याचा खिळा शिशात पाडला, त्याचं नाव ब्रश स्क्रिप्ट. झरझर लिहिल्यासारखं अक्षर धातूत कोरायचं, साच्यात ओतायचं, मग एकेक खिळा चिमट्यानं उचलून जुळवायचा. एवढ्या वेळात आमच्या पेंटरनं अख्खी गल्ली रंगवली असती. पुढे 1953 साली फ्रान्समध्ये रॉजे एक्सकोफाँनं स्वतःच्या हस्ताक्षरावरून मिस्त्रल काढला. त्याच्या भागातल्या एका वाऱ्याचं नाव त्यानं अक्षराला दिलं. डिजिटलच्या पोराच्या फोल्डरमध्येही तो होता. "हा मिस्त्री फॉन्ट," पोरगा म्हणाला, "बांधकामवाले मागतेत." मी दुरुस्ती केली नाही. काही चुका मुळापेक्षा बऱ्या असतात.

इंग्रजीवाल्यांचं एक बरं आहे. सव्वीस मोठी, सव्वीस छोटी, झाला फॉन्ट. आपल्याकडे बाराखडी, मग जोडाक्षरं, मग र चा एक फराटा 'सूर्या'त डोक्यावर, दुसरा 'चक्रा'त पोटात, तिसरा 'सुऱ्या'त मिशीसारखा. शेकड्यांनी आकार काढावे लागतात. शिवाय शिरोरेषा. पेंटर काय करतो, अक्षरं काढतो आणि मग डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढून मोकळा होतो, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी. जुन्या मोडीवाल्यांचं उलट होतं, ते आधी पानभर दोऱ्या बांधून घेत आणि मग अक्षरं लटकवत. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापल्या दोरीचा तुकडा घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या तुकड्याला बरोब्बर चिकटावं लागतं. टोक जरा फाटकं ठेवलं की सांधा दिसतो. म्हणून बारकाईनं पाहा, ब्रश फॉन्टमधलं अक्षर मधे कसंही फाटलेलं असू दे, दोन्ही खांद्यांवर मात्र शिवलेलं असतं. एवढ्या काळजीनं बेफिकीर दिसायचं म्हणजे चेष्टा नाही. लग्नात 'सहज आलो' म्हणणारे आणि आठवडाभर आधी सदरा इस्त्रीला टाकणारे जे लोक असतात, त्यांच्यातला हा प्रकार.

आणखी एक गोम आहे. इंग्रजी लिहायच्या पट्टीच्या निबाचा काप आणि आपल्या बोरूचा कत, दोन्ही एकमेकांच्या उलट बाजूला छाटलेले असतात. त्यामुळे जाड-बारीक कुठे यायचं याचे नियमही उलटे. हे न कळता इंग्रजी ब्रश पाहून मराठी अक्षर काढलं की 'क' विलायतेहून शिकून आल्यासारखा दिसतो. आपलाच पोरगा, पण चालण्यात काहीतरी बदल झालेला. ज्यांना हे कळतं ते चांगले फॉन्ट करतात. मुंबई लोकलच्या स्टेशनांवर चपट्या ब्रशनं रंगवलेल्या पाट्या पाहून 'यात्रा वन' नावाचा फॉन्ट निघाला, तो पाहिला की शिट्टी ऐकू येते. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' आहे, तो तर आता इतका पसरलाय की व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या सुविचारांना एकच हस्ताक्षर आहे असं वाटतं. दिल्लीकडे हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं घेऊन त्यांचे फॉन्ट केले आणि पेंटर कफील यांचं अक्षर त्यांच्याच नावानं जगभर फिरवलं. पेंटरला नाव असतं, हे सिद्ध करायला संगणक लागला.

पोरगा मात्र सगळ्या कामाला ड्राय ब्रशच वापरत होता. आम्ही बसलो होतो तेव्हा एक गृहस्थ आले. त्यांचे वडील वारले होते. पोरानं सवयीनं 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाइप करून ड्राय ब्रशमध्ये टाकली. श्रद्धांजली अशी उसळून आली की वडील गेले नसून निवडून आले असावेत. शेवटच्या 'ली'ची वेलांटी फोटोतल्या फेट्यावरून उडी मारून पलीकडे गेलेली. गृहस्थांनी डोळे पुसत पाहिलं आणि म्हणाले, "छान दिसायलेत दादा." अक्षराबद्दल ते काही बोलले नाहीत. मी बोलणार होतो, पण भाच्यानं माझा गुडघा दाबला.

आणि आपण तरी कोणत्या तोंडानं नावं ठेवायची? मायक्रोसॉफ्टमधल्या व्हिन्सेंट कॉनेरनं 1994 साली कॉमिक सॅन्स काढला, तो एका चित्रातल्या कुत्र्याच्या तोंडी शोभावा म्हणून. 4 जुलै 2012 ला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत फॅबिओला जियानोट्टी यांनी हिग्ज बोसॉन सापडल्याचे पुरावे मांडले, तेव्हा त्यांच्या स्लाइड याच कॉमिक सॅन्समध्ये होत्या. विश्वाला वस्तुमान कसं मिळालं ते कुत्र्याच्या बोलीत सांगितलं गेलं आणि विश्वाचं काही बिघडलं नाही. सिरसाळ्यात एक श्रद्धांजली जरा नाचली तर काय मोठंसं!

फ्लेक्सच्या आकारावरून मात्र मी तोंड उघडलं. पोरगा म्हणत होता, दहा बाय चारचा करा, सिरसाळ्यात एवढा मोठा कुणाचा नाही. मी म्हणालो, "आपल्या भागात चाळीस बाय चारचा होऊन गेलाय." तो सावध झाला. कोणत्या डिजिटलनं काढला, त्यानं विचारलं.

"अंबाजोगाईत. दासोपंतांनी."

परळीहून अंबाजोगाई पंचवीस किलोमीटर. तिथं दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातला हा माणूस कागद पुरेना म्हणून कापडावर लिहायला बसला. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पासोडीभर त्यांनी पंचीकरण लिहिलं. एवढं लिहायचे की रोज ढब्बू पैशाची शाई लागायची, अशी आख्यायिका आहे. आणि गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव वेगळाच. पोरगा गुणाकार करत होता. "एकशे साठ चौरस फूट," तो हलकेच म्हणाला, "आणि शुभेच्छुक किती?"

"एकही नाही."

"फोटो?"

"नाही."

"मग एवढ्या जागेत टाकलं काय?"

याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. एवढं मोठं कापड आणि त्यावर नुसता मजकूर, ही कल्पना त्या दुकानात बसून मलाही जरा विचित्र वाटायला लागली होती.

शेवटी दहा बाय चारवर ठरलं. वर मोठ्या अक्षरात 'गुळाचा चहा', खाली लहान 'परळी रोड, सिरसाळा'. रंग गुळाचा. पोरानं टाइप केलं, ड्राय ब्रश लावला आणि पडद्यावर अक्षरं उमटली. सुरेख होती, खोटं का बोला. फक्त 'गु' आणि 'चा' यांच्यामध्ये एक चौकोनी डबा आला. खाली 'पर' नंतर एक डबा, 'सिरसा' नंतर आणखी एक.

"हे काय?"

"ळ नाही याच्यात," पोरगा शांतपणे म्हणाला. "हिंदीवाल्याचा फॉन्ट आहे. फुकट मिळालेला."

सावकाश लक्षात घ्या. परळी. सिरसाळा. गुळाचा चहा. आमचा मुलूखच ळ वर उभा आहे. शेजारी कळंब, त्यापुढे नळदुर्ग. आमच्याकडे दुष्काळ पडतो, त्यात ळ. वादळ, आभाळ, ढेकूळ, बाभूळ, सगळीकडे तो. ळ काढला तर मराठवाड्यात फक्त ऊन उरतं.

पोरानं तोवर ळ च्या जागी ल टाकून पाहिला. गुलाचा चहा, परली रोड, सिरसाला. "चाललं असतं बगा. लोकांना कळतंय."

"चालणार नाही," मी म्हणालो. पस्तीस वर्षांचा मास्तर अंगात आला. "6 नोव्हेंबर 2009 चा शासन निर्णय आहे. मराठीचा ल पाकळीचा पाहिजे आणि श देठाचा. तुझा ल सुद्धा हिंदी दांडीचा आहे. आणि ळ काय आजचा आहे का? ऋग्वेदाच्या पहिल्या ऋचेतल्या दुसऱ्याच शब्दात ळ आहे!"

"मामा, आपल्याला ऋग्वेद छापायचाय का?" भाचा म्हणाला. "चहा इकायचाय."

मग पोरानं ळ दुसऱ्या फॉन्टमधून आणून बसवला. उसळत्या, ओरखड्यांच्या अक्षरांमध्ये तो सरळ, गुळगुळीत ळ वरातीत गणवेश घालून आलेल्या होमगार्डसारखा दिसायला लागला. ळ असलेले ब्रश फॉन्ट त्याच्या फोल्डरमध्ये होते, पण भाच्याचा जीव याच्यावर जडला होता. अर्धा तास गेला. बाहेर वाढदिवसवाले खोळंबले. शेवटी पोरगाच म्हणाला, "तीन जागा मोकळ्या सोडतो. छापून घेऊ. ळ पेंटरकडून मारून घ्या."

पेंटर आता घरांना डिस्टेंपर मारतो. एक रंग, चार भिंती, अक्षर नाही. निरोप धाडला तर सायकलवर आला, डबा घेऊन. फ्लेक्स हॉटेलपुढे जमिनीवर अंथरला होता. त्यानं आधी चारी बाजूंनी हिंडून अक्षरं पाहिली.

"कुणाच्या हातचं हाय?"

"कुणाच्याच नाही. फॉन्ट आहे."

तो उकिडवा बसला. 'सिरसा'मधल्या दोन्ही स वर बोट फिरवलं. "दोन्ही स ला एकाच जागी ओरखडा कामून?"

मी सांगितलं, की तोच स पुन्हा उमटतो. भारीतल्या फॉन्टमध्ये एकेका अक्षराचे दोन-तीन नमुने ठेवतात, आलटूनपालटून येतात, म्हणजे हातचं वाटतं. हा फुकटचा आहे.

"माझे दोन स कधी सारखे आले नाहीत," पेंटर म्हणाला. "सारखे आले असते तर छापखान्यात नसतो का?"

त्यानं रंग कालवला. गुळाचा रंग हुबेहूब आणला. काठी नाही, सूत नाही, शिडी नाही, आयुष्यात पहिल्यांदा तो जमिनीवर बसून बोर्ड लिहीत होता. तीन ळ मारायला त्याला तीन मिनिटंही लागली नाहीत. ळ म्हणजे दोन गाठी आणि मधे एक वळसा. ब्रश एकदाच टेकवला, फिरवला, उचलला. पहिला ऐटीत आला. दुसरा परळीच्या वेलांटीखाली मान घालून बसला. तिसरा, सवयीनं, चेपलेला. जागा भरपूर होती तरी.

बोर्ड वर चढला. उद्घाटनाला गाव लोटलं. चहा फुकट असल्यानं परीक्षण भरपूर झालं. आक्का, म्हणजे माझी बहीण, म्हणाली, छान आहे. कृषी केंद्रवाले म्हणाले, बढिया. मग एक जण, स्वतःचं डिजिटल काढायच्या विचारात असलेला, मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाकी सगळं एकदम हातानं लिहिल्यासारखं आलंय. ते तीन ळ तेवढे खोटे वाटायलेत."

पाच-सहा जणांनी माना डोलावल्या. पेंटर तिथंच उभा राहून चहा पीत होता. त्यानं बशी संपवली आणि मान डोलावली.

पुढं दोन उन्हाळे झाले. आमच्याकडचं ऊन फ्लेक्सला काय करतं ते रस्त्यानं जाता-येता दिसतंच. वाढदिवसाचे नेते आधी निळे पडतात, मग पांढरे, मग नुसता गॉगल उरतो. उतरवलेले फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर जातात, पावसात सोयाबीनवर जातात. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या ते गुंडाळून नेतात, आणि कारखान्याजवळ कोप्या उभ्या राहिल्या की कुणा भावी आमदाराच्या हसऱ्या चेहऱ्याखाली चूल पेटते. भाच्याच्या बोर्डाचंही तसंच झालं. गुळाचा रंग आधी उडाला, मग ओरखडे गेले, मग अक्षरं. पेंटरचा मात्र ऑइलपेंट. पांढऱ्या फटक फ्लेक्सवर आता वर एक मोठा ळ आणि खाली दोन लहान ळ, बाकी काही नाही.

मराठीत ळ नं सुरू होणारा शब्द नाही, हे मी पस्तीस वर्षं शिकवलं. गेल्या महिन्यात परळीहून येताना जीपवाल्याला भाच्याचं हॉटेल सांगायला लागलो. गुळाचा चहा म्हटलं, तो म्हणाला असे चार आहेत. खाणाखुणा सांगितल्या. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तीन ळ म्हणा की, मास्तर!"

ट्रकवाले तिथं थांबतात ते तीन ळ म्हणून. भाचा धंद्यात हुशार, त्यानं ओळखलं. नवा बोर्ड करायचा, नाव 'तीन ळ', अक्षर हेच. डिजिटलचा पोरगा स्वतः आला, मोबाईल घेऊन, आणि खुर्चीवर चढून बोर्डाचा फोटो काढायला लागला. पेंटर शेजारच्या घराला डिस्टेंपर मारत होता, त्याला भाच्यानं हाक मारून परवानगी विचारली.

"मोठ्या ळ चा फोटो घेतो, पेंटर," पोरगा म्हणाला. "तोच तीनदा टाकता येतोय."

पेंटर शिडीवरून खाली न उतरताच म्हणाला, "तिन्हीचे घे. एकासारखा एक नाही."